चौदावा खडा

महागू बहिरा होता हे बालाघाटकडच्या उकव्याच्या पट्ट्यात लहान पोरालाही ठाऊक होतं. पण बहिरा म्हणजे बावळट नव्हे, एवढं समजायला लोकांना एकाहत्तर सालचा डिसेंबर उजाडावा लागला. लोकांचं असंच असतं, बाप्पा. ज्याला ऐकू येत नाही त्याला काही कळतही नाही असं आपलं धरून चालायचं, आणि त्याच्या तोंडासमोर त्याचीच टिंगल करायची. महागूला ओठ वाचता येत होते. सहा वर्षांत त्यानं सगळ्यांची सगळी टिंगल वाचली होती आणि एकालाही उलटून बोलला नव्हता.

तो मूळचा लांजीकडचा, धानाच्या शेतीतला. फौजेतून कान गमावून आला, घरची शेती भावानं सांभाळली होती ती त्यानं त्याच्याकडंच राहू दिली, आणि बायकोला, सत्यभामेला, घेऊन इकडं जंगलात कामाला आला. उकव्याहून बैहरला जाणाऱ्या मोटारीच्या रस्त्यापासून दोन मैल आत एका ठेकेदाराची मँगनीजची छोटी उघडी खदान होती. सकाळी दगडात भोकं पाडायची. दुपारी त्यात बारूद भरून बत्त्या पेटवायच्या आणि सगळ्यांनी टेकडीमागं पळायचं. मग एकामागून एक बार उडायचे, ते मोजायचे. जितकी भोकं तितके बार झाले की भोंगा वाजायचा, पायवाटेच्या तोंडाशी उभा असलेला माणूस लाल झेंडा खाली करायचा, आणि बायांची टोळी टोपल्या घेऊन काळा दगड वेचायला खाली उतरायची.

तो झेंडेवाला म्हणजे महागू. बहिऱ्याला बारुदीच्या कामावर कशाला ठेवता, म्हणून सुरुंगाचा सरदार दुलीचंद पहिल्या दिवशी खूप कुरकुरला होता. सत्यभामा त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. झेंडा काय कानानं धरते का, असं तिनं विचारलं. दुलीचंदनं लाल झेंडा महागूच्या हातात दिला. भोंगा त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून दुलीचंद टेकडीवरून गमछा हलवायचा. तो हलला की झेंडा खाली.

आता मोजायचं काम महागूचं नव्हतं. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. पण रोज सकाळी तो दुलीचंदसमोर बोटं नाचवून आज किती भोकं ते विचारून घ्यायचा, तेवढे काळे खडे वेचून डाव्या मुठीत धरायचा, चपला काढून अनवाणी उभा राहायचा आणि पायाला हादरा बसला की एक खडा उजव्या खिशात टाकायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. फौजी खडे खेळून राह्यला, म्हणायच्या. सत्यभामा हसायची नाही. तो पाठमोरा असताना ती घरात शिरली तरी तो जमिनीवरून ओळखतो आणि मागं न बघता पाणी मागतो, हे तिला माहीत होतं.

ही विद्या तो फौजेत शिकला होता. महागू मोठ्या गनवर होता. तोफ म्हटलेलं त्याला चालत नसे. गन म्हणा, म्हणायचा. साडेपाच इंची तोंडाची, दहा माणसांची गन. गोळा सव्वा मणाचा, दोघांनी लोखंडी तबकात उचलून आणायचा, लांब दांड्यानं आत ठोसायचा, मागून दारूची पिशवी सरकवायची, मागचं झाकण फिरवून बंद करायचं. गोळा आठ-नऊ मैलांवर जाऊन पडायचा. कुठं पडला, कोणावर पडला, गनवरच्या माणसाला कधीच दिसायचं नाही. टेलिफोनवर जो आकडा येईल तिकडं तोंड फिरवायचं आणि मारायचं. दुसऱ्या पलटणींना झेंडा असतो, गनवाल्यांना नसतो. गन हाच झेंडा. जीव गेला तरी ती टाकून पळायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कानात भरवतात.

पासष्टच्या लढाईत पंजाबातल्या उसाच्या वावरात त्यांची गन गाडलेली होती. झाकणावर होता भैयालाल, रामपायलीचा. दोघं बालाघाटला एकाच दिवशी भरती झाले होते, एका ताटात जेवत होते. नवव्या दिवशी भर दुपारी एक बार उडालाच नाही. अशा वेळी काय करायचं ते पक्कं ठरलेलं असतं. हात लावायचा नाही. घड्याळ लावून थांबायचं. दारू आत धुमसत असते, तिला बाहेरचा वारा लागला की ती मागच्या दारानं येते. पण टेलिफोनवर पुढची पायदळाची पोरं ओरडत होती, मारा, मारा म्हणत होती. भैयालालला ते सहन झालं नाही. त्याचा हात झाकणाच्या दांड्याकडं गेला. महागू हातभर अंतरावर होता. त्यानं तो हात जाताना पाहिला. थांब म्हणावं, मनगट धरावं, असं त्याच्या मनात आलंसुद्धा, पण तिकडची पोरंही मरतच होती, आणि तो गप्प बसला.

ज्वाळ मागून आली. भैयालाल जागीच गेला. महागूच्या कानांतून रक्त आलं आणि त्यानंतर त्याला जगाचा आवाज असा आलाच नाही. तरी तो तीन दिवस गनवरून हलला नाही. डॉक्टर दोनदा बोलावून गेले, त्यानं ऐकू येत नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्या तीन दिवसांत तो खड्ड्यात अनवाणी उभा राहून दुश्मनाच्या गना पायानं मोजत होता. किती गोळे सुटले, किती पडले, कान असलेल्यांपेक्षा त्याचा आकडा बरोबर निघायचा.

घरी आल्यावर तो भैयालालची पेटी घेऊन रामपायलीला गेला. भैयालालची आई विमलाबाई ओट्यावर बसली होती. तिनं पेटीवरून हात फिरवला, मग त्याच्याकडं बघून एकच प्रश्न विचारला. महागूनं ओठ वाचले. तू जवळ होता काय, असं तिनं विचारलं होतं. महागूनं कानाला हात लावला, मान हलवली, आणि ऐकू येत नसल्याचं सोंग करून निघून आला. आयुष्यात त्यानं बहिरेपणाचा फायदा घेतला तो तेवढा एकदाच. त्याची त्याला इतकी लाज होती की सत्यभामेला सांगायलाही दोन वर्षं लागली.

तर एकाहत्तरचा डिसेंबर. पुन्हा लढाई पेटली आणि खदानीवरचे नवे साहेब, गोपाळकृष्ण, यांच्या अंगात वारं शिरलं. बालाघाट शहरातलं सरकारी नोकरीतलं जुनं मराठी घराणं, पंचविशीतला पोरगा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्या चष्म्यामुळंच फौजेनं त्याला दोनदा परत पाठवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू. पण घाई फार. गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवून फिरायचा आणि सकाळ-दुपार बायांना समजवायचा की या काळ्या दगडाशिवाय पोलाद होत नाही, पोलादाशिवाय तोफ होत नाही, तेव्हा तुमचं एक टोपलं म्हणजे सीमेवरचा एक गोळा. बायांना ते आवडलंही होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं महागूला सगळ्यांसमोर उभं केलं आणि तोफेबद्दल दोन शब्द बोलायला लावलं. गन लई जड असते, एवढं बोलून महागू खाली बसला. साहेबाचा चेहरा पडला.

त्या दिवशी दोनाऐवजी तीन ट्रक माल भरून पाठवायचा, असं साहेबानं ठरवलं होतं. त्यासाठी पहिल्यांदाच खदानीच्या पलीकडच्या अंगाला भोकं पाडली होती. जुन्या जागेसमोर नुसतं झाडांचं रान होतं; इथं समोर बोडका कातळ भिंतीसारखा उभा होता. भोकं चौदा. महागूनं चौदा खडे वेचले, चपला काढल्या, झेंडा उंच धरला. दुलीचंदनं बत्त्या पेटवल्या आणि टेकडीमागं पळाला.

हादरे येऊ लागले. टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत. एकेक खडा खिशात गेला. धूळ वर आली, दगड उडाले, मग पायाखालची जमीन निवांत झाली. महागूनं मूठ उघडली. तिच्यात एक खडा होता.

त्यानं खिशातले मोजले. तेरा. पुन्हा मोजले. पुन्हा तेराच. वर पाहिलं तर दुलीचंदचा गमछा हलत होता, साहेब हात वर करून या, या करत होता, आणि बायांची टोळी टेकडीमागून निघून पायवाटेनं येत होती. पुढं सत्यभामा, डोक्यावर टोपलं.

महागूनं झेंडा खाली केला नाही. उलट पायवाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

सत्यभामा समोर येऊन थांबली. त्यानं तिला मुठीतला खडा दाखवला. तिचा चेहरा उतरला, कारण खरं सांगायचं तर तिनंही आपल्या कानानं चौदाच मोजले होते. मागच्या बायांनीही चौदाच. दुलीचंद धावत आला, दोन्ही हातांची बोटं दाखवून चौदा झाले म्हणून सांगू लागला. त्याच्या मागून साहेब आला, घामाघूम, ट्रान्झिस्टर छातीवर उडत असलेला. काय चाललंय विचारलं. सत्यभामेनं सांगितलं की हे तेरा म्हणतात. साहेबाला आधी हसू आलं. मग त्यानं चेहरा महागूच्या तोंडासमोर आणून, ओठ ठळक हलवत विचारलं, तुला ऐकू येतं का? महागूनं नाही म्हणून मान हलवली. मग आम्हा तीस जणांना ऐकू आलेलं खोटं आणि तुझं खरं?

"कानाचं मले माहीत नाही, साहेब," महागू म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, कुठं मोठा, कुठं बारीक, पण शब्द स्वच्छ होते. "पायानं तेराच सांगतले. एक आत आहे. अर्धा तास कोणी खाली जाणार नाही."

साहेबाचं डोकं भडकलं. बायांसमोर, दुलीचंदसमोर, एक झेंडेवाला त्याला अडवत होता. त्यानं झेंडा खाली कर म्हणून सांगितलं. महागू तसाच उभा. उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. महागू तसाच उभा. मग साहेबाला जे सगळ्यात जिव्हारी लागेल असं वाटलं ते त्यानं काढलं.

"तू फौजी ना? तिकडं तोफा रात्रंदिवस चालल्यात. ते जवान अर्धा तास थांबतात का?"

महागूनं ते ओठ नीट वाचले. त्याचा चेहरा असा झाला की सत्यभामेनं टोपलं खाली ठेवलं.

"थांबते," तो म्हणाला. "गनवर थांबते, साहेब. बार उडाला नाही तर जनरल आला तरी थांबते. माह्या गनवर एक जण थांबला नाही. रामपायलीचा भैयालाल. पुढची पोरं मरून राह्यली म्हणून त्यानं घाई केली, देशासाठीच केली, अन् मी पाहत राह्यलो. तुमी रेडिओवर तोफ ऐकली. मी तिच्या मागं उभा होतो. तिच्या नावानं माह्या बायकोले खाली पाठवू नका."

साहेबाचा ट्रान्झिस्टर तेवढा चालू होता, त्यातून कुठलंसं गाव घेतल्याची बातमी येत होती. सत्यभामेनं पाहिलं, सगळ्या बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या. ती टोळीची पुढारीण. ती उतरली की सगळ्या उतरणार. तिच्या कानांनी चौदा मोजले होते. कान तिचे चांगले होते. नवऱ्याचं काम जाणार, शिवाय बहिऱ्याच्या नादी लागलेली म्हणून तिचंही हसं होणार, हे सगळं तिला दिसत होतं. तिनं टोपलं पालथं घातलं आणि त्याच्यावर फतकल मारून बसली. एकेक करत सगळ्या बाया बसल्या. टोपल्यांची ओळच लागली.

"बरं," साहेब म्हणाला. "तुम्ही बसा. मी जाऊन दाखवतो."

आणि तो निघाला. हेच त्या पोराचं, बघा. भित्रा नव्हता तो. भित्रा असता तर बरं झालं असतं. महागूच्या बगलेतून पुढं सरकला आणि उतारावर पहिलं पाऊल टाकलं. महागूला त्याचा हात दिसला, गोरा, घड्याळ बांधलेला, हातभर अंतरावरून पुढं जाणारा. उसाचं वावर, झाकणाचा दांडा, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आलं. त्यानं डाव्या हातातला खडा टाकला नाही, उजव्या हातातला झेंडा मात्र टाकून दिला, आणि साहेबाचं मनगट धरलं.

साहेबानं हिसका दिला. सव्वा मणाचे गोळे उचललेली ती पकड, तिच्यातून सुटणं सोपं नव्हतं. साहेब शिव्या देऊ लागला, पोलिसात देईन म्हणाला, दुसऱ्या हातानं महागूच्या छातीवर मारू लागला. चष्मा पडला. दुलीचंद सोडवायला धावला तर सत्यभामा उठून त्याच्या आडवी आली. महागू मार चुकवत नव्हता. तो आपल्या पायांकडं बघत होता.

किती वेळ गेला असेल? चार मिनिटं, पाच मिनिटं. मग खालून बार उडाला. धुराचा आणि दगडांचा एवढा मोठा लोट वर आला की टोपल्यांवरच्या बाया मागच्या मागं कोलमडल्या. माणसाच्या डोक्याएवढा दगड येऊन पायवाटेवर, पाच पावलांवर आदळला. बायांची टोळी एव्हाना जिथं वाकून दगड वेचत असती तिथं धुरापलीकडं काहीच दिसत नव्हतं.

आणि ती धूळ खाली बसायच्या आत आणखी एक बार ऐकू आला. स्वच्छ, दणदणीत, समोरून. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. तिकडं धूर नव्हता, दगड उडाला नव्हता, काही नव्हतं. नुसता बोडका कातळ उभा होता. दुलीचंद बोटांवर काहीतरी मोजू लागला आणि मधेच थांबला. भोकं चौदा, आणि कानांनी मोजले सोळा. मघाचा चौदावाही असाच त्या कातळानं परत दिलेला होता. तेराव्या बाराचा पडसाद; आधीच्यांचे पुढच्या बाराच्या दणक्यात बुडून गेले होते. तीस जणांनी तो ऐकला होता आणि मोजला होता. ज्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही असा तिथं एकच माणूस होता.

महागूनं उरलेला खडा खिशात टाकला.

गोपाळकृष्ण खाली बसला होता. त्याचं मनगट अजून महागूच्या हातात होतं. त्यानं मान वर करून, चष्म्याशिवायच्या डोळ्यांनी पाहत, आता सोड म्हणून सांगितलं. आवाजात राग नव्हता. महागूनं ओठ वाचले आणि मान हलवली.

"अर्धा तास झाला नाही, साहेब," तो म्हणाला. "घड्याळ तुमच्याच हाताले आहे. पाहत राहा."

आणि खरोखर त्यानं सोडलं नाही. अर्धा तास तो तिथं साहेबाचं मनगट धरून उभा राहिला आणि साहेब घड्याळाकडं बघत बसला. सत्यभामेनं झेंडा उचलला, झटकला आणि उंच धरून नवऱ्याशेजारी उभी राहिली. कोणी ट्रान्झिस्टर बंद केला कोणास ठाऊक. काट्याचा अर्धा फेरा पुरा झाला तसा साहेबानं स्वतः घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. तेव्हा महागूची बोटं सुटली. मनगटावर त्यांचे लाल वळ उठले होते, आणि साहेबानं ते पुसायचा प्रयत्न केला नाही. उद्या कामावर ये, एवढंच तो म्हणाला, आणि इथून पुढं भोंगा याची मूठ रिकामी झाल्यावरच वाजेल, असं दुलीचंदला बजावून गेला.

"उद्या येत नाही," महागू त्याच्या पाठीकडं बघत म्हणाला. साहेब थबकून वळला. पण महागूचं आता त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तो सत्यभामेकडं वळला होता, आणि त्याचे डोळे भरून वाहत होते.

"उद्या रामपायलीले जाऊ," त्यानं तिला सांगितलं. "विमलाबाईनं विचारलं होतं मले. मी जवळच होतो म्हणून सांगाचं आहे."